अण्णांना सांगायचे का?

तंबाखू-चुना मळून गालात धरायची सवय असलेला साठीच्या घरातला माणूस. गालाच्या आतल्या बाजूला, नेमकी तंबाखू धरायच्या जागी, एक जखम झालेली असते. दोन महिने झाले तरी ती भरत नाही, पण दुखत नाही म्हणून कुणी मनावर घेतलेले नसते. पुढे तिखट झोंबू लागते, तोंड पुरते उघडेना होते, तेव्हा दाढ टोचत असेल म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे नेतात. डॉक्टर बॅटरी लावून पाहतात, बोटाने जखमेची कड दाबून बघतात, जबड्याखाली चाचपतात आणि छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवतात. आठ दिवसांनी अहवाल येतो. तो आणायला मुलगा गेलेला असतो. इंग्रजीतल्या चार ओळी, आणि त्यांतला एक शब्द त्यालाही वाचता येतो.

घरी आल्यावर वडील विचारतात, "काय म्हणाले रे डॉक्टर?" मुलगा चपला काढता काढता म्हणतो, "काही नाही अण्णा, जरा इन्फेक्शन आहे. मुंबईला एकदा दाखवून घ्या म्हणाले."

भारतातील पुरुषांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग आघाडीवर आहे, आणि आपल्याकडच्या गावागावांतून हे संभाषण थोड्याफार फरकाने होतच असते. 'काही नाही' म्हणणारा मुलगा खोटारडा नसतो. वडिलांवर त्याचा जीव असतो म्हणूनच तो तसे म्हणतो. तरीही हे 'काही नाही' पुढे फार महागात पडते. ते का आणि कसे, आणि त्याऐवजी घरच्यांनी काय करावे, हे आज पाहू.

अहवालात असते काय?

आधी त्या कागदाविषयी. बहुतेक वेळा त्यावर 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' असे लिहिलेले असते. तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाचे हे नाव. त्यामागे 'वेल', 'मॉडरेटली' किंवा 'पुअरली डिफरन्शिएटेड' असा शब्द असतो आणि त्यावरून घरोघरी गोंधळ होतो. 'मॉडरेटली' म्हणजे मधल्या स्टेजचा आणि 'पुअरली' म्हणजे आता काही खरे नाही, असा अर्थ लोक लावतात. तो बरोबर नाही. सूक्ष्मदर्शकाखाली रोगट पेशी मूळच्या निरोगी पेशींसारख्या कितपत दिसतात, एवढेच हे शब्द सांगतात. रोग किती पसरला आहे, म्हणजे लोक ज्याला 'स्टेज' म्हणतात, ते या कागदावरून कळत नाही. त्यासाठी तोंडाची आणि मानेची सविस्तर तपासणी, सीटी किंवा एमआरआय आणि छातीची तपासणी लागते. जखम केवढी आहे, किती खोल गेली आहे, जबड्याच्या हाडापर्यंत पोचली आहे का, मानेतल्या गाठींत उतरली आहे का, हे सगळे पाहून पहिली ते चौथी अशी पायरी ठरते. त्या आधीच "किती दिवस काढतील?" असे विचारण्यात अर्थ नाही, आणि जो तिथल्या तिथे आकडा सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

'सुई टोचली, तुकडा काढला की रोग खवळतो' हा समज अजूनही घट्ट आहे. तो खोटा आहे. तुकडा तपासल्याशिवाय कर्करोगाचे निदान होत नाही आणि निदानाशिवाय कोणताही चांगला डॉक्टर उपचार सुरू करत नाही. मात्र एक सावधगिरी बाळगावी. तपासणीसाठी कडेचा लहानसा तुकडा काढणे वेगळे आणि "एवढीशी तर आहे, इथेच काढून टाकू" म्हणून सगळी जखम कापून टाकणे वेगळे. असे अर्धवट कापून आलेल्या रुग्णात मूळ जखम कुठपर्यंत होती हेच नंतर नीट समजत नाही आणि कर्करोगाच्या शल्यविशारदाचे काम अवघड होऊन बसते.

ज्या प्रयोगशाळेत तुकडा तपासला तिथून काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा, ज्याला 'ब्लॉक' म्हणतात, मागून घ्यावा. मोठ्या रुग्णालयात तो पुन्हा तपासतात. नुसता अहवाल घेऊन मुंबई गाठायची आणि ब्लॉकसाठी परत यायचे, अशा फेऱ्या अनेकांनी केल्या आहेत.

लपवले तर पुढे काय होते

तोंडाच्या कर्करोगावरचा मुख्य उपचार शस्त्रक्रिया हा आहे. ही शस्त्रक्रिया दाढ काढण्यासारखी नाही. रोगट भाग आणि त्याच्या भोवतीचा थोडा निरोगी भाग काढावा लागतो. जरूर असेल तर जबड्याच्या हाडाचा तुकडाही जातो. ती जागा भरून काढण्यासाठी छातीवरची, मनगटाजवळची किंवा मांडीची त्वचा वापरतात, आणि हाड हवे असेल तर पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड घेतात. काही दिवस नाकातून नळी घालून अन्न द्यावे लागते. काहींच्या गळ्याला श्वासासाठी तात्पुरते छिद्र पाडतात आणि ते असेपर्यंत सहसा बोलता येत नाही.

आता ज्या माणसाला आपण 'जरा इन्फेक्शन आहे' म्हणून नेले, तो भूल उतरल्यावर या अवस्थेत जागा होतो. आरशात पाहतो तर निम्मा चेहरा सुजलेला, मानेवर टाके, नाकात नळी. विचारायला जावे तर आवाज नाही. पाटीवर काय लिहून विचारणार? 'मला काय केलेत?' ज्या मुलाने आजवर शब्द मोडला नाही तोच आपल्याला फसवतो आहे, असे त्याला वाटले तर त्याला दोष कसा द्यायचा? मग तो नळी उपसतो, व्यायाम करत नाही, किरणोपचाराला यायला नकार देतो. "हट्टी झालेत," असे घरचे म्हणतात. खरे तर त्या वेळी त्याला विश्वासाने धरायला काही उरलेले नसते.

२००४ साली आलेला 'श्वास' हा संदीप सावंत यांचा मराठी चित्रपट अनेक वाचकांनी पाहिला असेल. कोकणातून आजोबा लहान नातवाला डोळे दाखवायला शहरात आणतात आणि कळते की डोळ्यांत कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे जाणार. शस्त्रक्रियेपूर्वी हे मुलाला सांगायलाच हवे, असा डॉक्टरांचा आग्रह असतो आणि आजोबांची जीभ रेटत नाही. एका सत्य घटनेवरून ती कथा सुचली होती. तिथे प्रश्न अजाण पोराचा होता, तरी डॉक्टरांनी तो सोडला नाही. आपल्याकडे मात्र साठ वर्षे संसार केलेल्या, चार जणांना सल्ला देणाऱ्या माणसाला आपण पोरापेक्षाही पोर समजतो.

कायद्याची बाजूही लक्षात असू द्यावी. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाच्या बाबतीत त्याच्या स्वतःच्या संमतीऐवजी नातेवाइकाची संमती चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात स्पष्ट केले. त्या प्रकरणात सही रुग्णाच्या आईने केली होती, तरी ती ग्राह्य धरली गेली नाही. तेव्हा "कागद माझ्याकडे द्या, अण्णांना दाखवू नका," असे मुलाने डॉक्टरांना सांगणे बरोबर नाही आणि डॉक्टरांनी ते मान्य करणेही बरोबर नाही.

बहुतेक वेळा रुग्णाला कळलेलेच असते, ही आणखी एक गोष्ट. ज्या रुग्णालयाच्या पाटीवरच कर्करोग लिहिलेले आहे, तिथल्या रांगेत बसलेल्या माणसाला आपण कशासाठी आलो हे समजत नाही काय? बायको पदराने डोळे पुसते, जावई एकाएकी रजा काढून येतो, धाकटा भाऊ बांधावरचे भांडण विसरून मिठी मारतो. मग घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तो माहीत नसल्याचे सोंग घेतो आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून घरचे काही नसल्याचे सोंग घेतात. एका छपराखाली दोन्ही बाजू एकेकट्या रडतात.

कसे सांगावे

सांगणे म्हणजे अहवाल वाचून दाखवणे नव्हे. आधी त्याला किती ठाऊक आहे आणि किती ऐकायचे आहे, हे विचारावे. "अण्णा, ही जखम कशाची असेल असं वाटतं तुम्हाला?" एवढा एक प्रश्न विचारून गप्प बसावे. उत्तर बहुधा त्याच्याकडूनच येते. "वाईटच असणार. किती वर्षं तंबाखू खातोय." मग म्हणावे, "हो अण्णा. तपासणीत कर्करोग निघालाय. यावर उपचार आहेत आणि आपण ते करणार आहोत. पुढचं सगळं डॉक्टरांकडून दोघं मिळून समजून घेऊ." एका वेळी एवढे पुरे. त्यानंतर येणारी शांतता बोलून भरून काढू नये. तो उठून गोठ्यात गेला, जेवला नाही, रागावला, तरी चालेल.

खोटी आशा देऊ नये, तशी उगाच निराशाही पेरू नये. "महिन्यात ठणठणीत व्हाल," हे वाक्य महिन्यानंतर आपल्यालाच आडवे येते. जे माहीत नाही त्याबद्दल "अजून कळलेलं नाही, कळलं की सांगतो," असे म्हणता येते.

काही माणसे मात्र स्पष्टच म्हणतात, "मला काही सांगू नका, काय करायचं ते तुम्ही ठरवा." त्यांच्यावर सगळा तपशील लादू नये. पण हे त्यांच्या तोंडून यायला हवे, आपण त्यांच्या वतीने ठरवायचे नाही. आणि चार दिवसांनी पुन्हा एकदा विचारून पाहावे, कारण मन बदलते.

सांगायचे कुणी? ज्याच्याशी रुग्ण मोकळेपणाने बोलतो त्याने. तो थोरला मुलगाच असेल असे नाही. पुष्कळ घरांत ती लेक असते, आणि तिलाच 'ती सासरी आहे, तिला कशाला त्रास' म्हणून सर्वांत शेवटी कळवतात. बायकोलाही डावलू नये. रात्री उठून पाणी देणार ती, नळीतून पेज घालणार ती, मग डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत तिला का बसवत नाहीत? घरातल्या मुलांना त्यांच्या वयाला समजेल एवढे सांगावे. हा रोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी झोपल्याने होत नाही, हे त्यांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही स्पष्ट सांगावे. आजोबांची ताटवाटी वेगळी ठेवलेली घरे आजही आहेत. रोगापेक्षा ती वेगळी ताटवाटी माणसाला जास्त लागते.

"मानेत गाठ नाही, मग मान का कापायची?"

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक कुटुंबाला पडतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. तोंडाचा कर्करोग पसरतो तो आधी मानेतल्या लसिका ग्रंथींत. हाताला गाठ लागत नसली, तपासणीत दिसत नसली, तरी तिथे काही पेशी पोचलेल्या असू शकतात. मग लहान जखमेच्या रुग्णात मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की गाठ आली तर तेव्हा काढाव्यात, यावर डॉक्टरांतच अनेक वर्षे दोन तट होते. याचा निकाल लागला तो मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. सुमारे ५०० रुग्णांच्या या अभ्यासात, ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, तर वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. जगभरच्या डॉक्टरांची पद्धत ज्यामुळे बदलली, असा हा अभ्यास आपल्याच लोकांवर, आपल्याच रोगावर झालेला आहे. तेव्हा शल्यविशारद मानेची शस्त्रक्रिया करायची म्हणाले, तर ते बिल वाढवण्यासाठी म्हणत आहेत असा संशय धरू नये.

शस्त्रक्रियेनंतर काढलेला भाग तपासून पुढचे ठरते. गरज असेल तर किरणोपचार, ज्याला लोक 'शेक' म्हणतात, आणि काहींना त्याबरोबर केमोथेरपी. हे किरणोपचार शस्त्रक्रियेपासून साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागतात. "जखम भरली, आता बरं वाटतंय, सुगी झाली की जाऊ," असे म्हणून इथेच अनेक जण घसरतात. किरणांपूर्वी किडलेले दात काढून घ्यावे लागतात, कारण नंतर काढले तर जबड्याचे हाड भरून येत नाही.

घाई किती, सबुरी किती

निदान झाल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली नाही म्हणून काही बिघडत नाही. नीट तपासण्या करण्यात आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात पंधरवडा गेला तर तो वाया गेला असे समजू नये. नुकसान होते ते दोन-तीन महिने हातचे गेल्याने. ते जातात कुठे? भेटायला येणाऱ्यांच्या सल्ल्यांत. कुणी एका गावच्या वैदूचे नाव सांगतो, कुणी गोमूत्र सुचवतो, कुणी साखर बंद करायला सांगतो, कुणी म्हणतो आमच्या साडूला चाकू लावला आणि तो गेला. तो साडू कोणत्या अवस्थेत रुग्णालयात पोचला होता, हे कुणी सांगत नाही. श्रद्धेला माझा विरोध नाही, नवस जरूर बोलावा, पण शस्त्रक्रियेची तारीख घेऊन मग बोलावा. पहिल्या अवस्थेत हाती असलेला रोग या फेऱ्यांत तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत गेल्याची उदाहरणे प्रत्येक कर्करोगतज्ज्ञाकडे आहेत.

घरातल्या एकाने येणारे फोन घ्यावेत आणि सगळ्यांना तेच एक उत्तर द्यावे. दुसऱ्याने फाईल सांभाळावी. तारीखवार कागद, औषधांची चिठ्ठी, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न एका वहीत. डॉक्टरांसमोर गेल्यावर निम्मे प्रश्न आठवत नाहीत आणि त्यांनी सांगितलेले निम्मे बाहेर येईपर्यंत विसरते, म्हणून ही वही.

पैसा आणि मुक्काम

निदानाच्या दिवशीच जमिनीचा तुकडा विकायला काढू नये. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी यांचा समावेश आहे. आधी राजीव गांधींच्या नावाने २०१२ साली सुरू झालेली हीच योजना. पूर्वी संरक्षण दीड लाखाचे होते. शासनाने २०२३ साली निर्णय घेऊन ते कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये केले आणि राज्यातील सर्व कुटुंबांना योजना लागू करण्याचे ठरवले. वयाची सत्तरी ओलांडलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचा लाभ २०२४ च्या ऑक्टोबरपासून खुला झाला आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन दाखल होण्यापूर्वीच त्याला भेटावे, आधी पैसे भरून मागाहून नव्हे. शिधापत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नसेल तर ते काम तालुक्याला पहिल्या आठवड्यातच उरकून घ्यावे. योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधी आणि काही देवस्थानांचे विश्वस्त निधी आहेत. मोठ्या रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात या सगळ्याची माहिती एका जागी मिळते. तिथे जायला लाजू नये.

रेल्वेत कर्करुग्णाला उपचारासाठी प्रवास करताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीत भाडे पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गांत ७५ टक्के सवलत आहे. रुग्णालयाकडून ठराविक नमुन्यातला दाखला आणावा लागतो. एसटीतही कर्करुग्णांसाठी सवलत आहे, आगारात चौकशी करावी.

कुठे जायचे? परळचे टाटा मेमोरियल सर्वांच्या तोंडी आहे. दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखातून निघालेल्या विश्वस्त निधीच्या कामातून १९४१ साली ते उभे राहिले. पण गर्दी मोठी आणि मुक्काम लांब, याची तयारी हवी. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन बाहेरगावच्या रुग्णांची व नातेवाइकांची सोय करतात. निघण्यापूर्वी फोन करून जागेची खात्री करावी, अंथरूण-पांघरूण घेऊन फूटपाथवर रात्र काढायची पाळी येऊ नये. सगळेच उपचार मुंबईत करायला हवेत असेही नाही. किरणोपचार आठवड्याचे पाच दिवस, साधारण सहा आठवडे चालतात. तेवढे दिवस घर सोडून राहणे परवडत नसेल तर 'शस्त्रक्रिया इथे, किरणे जवळच्या केंद्रात' असे जमेल का, हे डॉक्टरांना विचारावे. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय ही जुनीजाणती नावे आहेत, आणि खासगी केंद्रे आता पुष्कळ जिल्ह्यांत झाली आहेत.

घरी आल्यावर

नळीतून अन्न देताना रुग्णाला बसते करावे. पेज, वरण, दूध, मऊ शिजवलेली अंडी, जे द्यायचे ते मिक्सरमध्ये बारीक करून गाळून घ्यावे आणि शेवटी पाणी घालून नळी धुवावी, नाहीतर ती तुंबते. नंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. किरणोपचारात तोंड सोलून निघते. तेव्हा पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चुळा भराव्यात. 'हे पथ्य, ते पथ्य' करून उपाशी ठेवू नये. या काळात वजन टिकवणे हे औषधाइतकेच मोलाचे आहे. केमोथेरपी चालू असताना १००.४ अंश किंवा त्याहून जास्त ताप आला तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात न्यावे.

तोंड उघडण्याचा व्यायाम कंटाळवाणा आहे आणि तो टाळला की जबडा आखडतो. आईस्क्रीमच्या लाकडी पट्ट्या एकावर एक ठेवून दातांत धरतात आणि हळूहळू त्यांची संख्या वाढवत नेतात. आज किती पट्ट्या बसल्या हे नातवंडाने वहीत लिहावे. आजोबा डॉक्टरांचे ऐकणार नाहीत, नातीचे ऐकतात.

तंबाखू घरातूनच जायला हवी. उपचार चालू असताना ती खाल्ली तर जखमा लवकर भरत नाहीत, किरणांचा गुण कमी येतो आणि तोंडात दुसरीकडे नवा कर्करोग उद्भवण्याचा धोका राहतो. ज्या घरात आजोबांची तंबाखू सुटली आणि आजीची मिश्री, मुलाचा गुटखा तसाच राहिला, तिथे निम्मेच काम झाले. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा शासनाचा मोफत क्रमांक आहे.

चेहरा बदललेला माणूस बाजारात जायला, लग्नाला यायला संकोचतो. बोलणे अस्पष्ट होते, म्हणून तो बोलतच नाही. जेवताना सांडते, म्हणून एकटा जेवतो. या गोष्टींकडे वाढत्या जखमेइतकेच लक्ष द्यावे. झोप उडाली, जगण्यात रस राहिला नाही असे तो म्हणू लागला तर डॉक्टरांना सांगावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक त्याच्या बायकोसाठीही आहे, आणि पुष्कळदा तिलाच त्याची जास्त गरज असते.

काही घरांत रोग फार पुढे गेल्यावर कळतो आणि डॉक्टर म्हणतात की मुळापासून बरा होणार नाही. तेव्हा 'आता काही करण्यासारखे नाही' असे समजून माणसाला वेदनेत ठेवणे क्रूरपणाचे आहे. वेदना कमी करणे हाही उपचारच, आणि त्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेळच्या वेळी घेतल्या तर व्यसनाची भीती बाळगण्याचे कारण नाही. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्या मिळण्यातल्या अडचणीही कमी झाल्या आहेत. 'पॅलिएटिव्ह केअर', म्हणजे वेदनाशामक शुश्रूषा, कुठे मिळेल हे स्पष्ट शब्दांत विचारावे. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून याच कामासाठी आहे. अशा वेळी तर रुग्णाला खरे सांगणे आणखी गरजेचे, कारण त्याला कुणाला तरी भेटायचे असते, वाटणी करायची असते, भावाशी धरलेला अबोला सोडायचा असतो.

उपचार पूर्ण झालेल्यांनी तपासणी चुकवू नये. रोग उलटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून त्या काळात डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी बोलावतात, पुढे अंतर वाढवत नेतात. दुखत नसले तरी जावे. मानेत नवी गाठ, न भरणारा चट्टा, गिळताना अडथळा, कानात उठणारी कळ असे काही जाणवले तर ठरलेल्या तारखेसाठी थांबू नये. पुढची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहावी आणि ती अण्णांनीच लिहावी.